मीठ कमी, मत जास्त

कल्याणहून भिवंडीकडे निघालं, की दुर्गाडी किल्ल्याजवळचा खाडीपूल ओलांडताच कोन लागतं. तिथून राजनोली नाक्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाण्याच्या पाट्या दिसत राहतात. पंजाबी ढाबा, उडुपी, चायनीज, तंदूर, बिर्याणी, मालवणी थाळी. कुठे कुठे तर हे सगळं एकाच पाटीवर. मुंबई-नाशिक महामार्गावरचे ट्रकवाले, गोदामांतले हमाल आणि कारकून, यंत्रमागांवरचे कामगार, कल्याण-डोंबिवलीहून रविवारी बाहेर जेवायला निघालेली कुटुंबं, अशा सगळ्यांची पोटं या रस्त्यावर भरतात. रमजान सुरू झाला की याच रस्त्याचं वेळापत्रक बदलतं. दुपारी सुस्तावलेल्या भट्ट्या असरच्या नमाजानंतर पेटतात आणि काही ठिकाणी थेट पहाटेच्या सहरीपर्यंत विझत नाहीत.

इथे जेवणारा माणूस खाद्यसमीक्षक नसतो. त्याला भूक लागलेली असते, खिशात ठरावीक पैसे असतात आणि घरी परतायची घाई असते. पण मत त्याच्याकडे तयार असतं. उडप्याचं सांबार गोड लागतं. बिर्याणीत बटाटा कशाला घालतात कोण जाणे. चायनीजमध्ये पूर्वीची मजा राहिली नाही. ढाब्यावरच्या सगळ्या भाज्यांची ग्रेव्ही एकच. रमजानमध्ये गर्दी फार, सर्व्हिस संथ आणि मीठ कमी.

पूर्वी अशी मतं पानाच्या टपरीपर्यंत पोहोचायची आणि तिथेच विरायची. आता जेवण संपायच्या आत ती फोनवर चढतात. पाचपैकी दोन तारे, वर एक ओळ, झालं. चार टेबलांच्या हॉटेलवाल्याला ती एक ओळ महिनोन्‌महिने पुरते. म्हणून साध्या जेवणाऱ्याचं मत आता साधं राहिलेलं नाही. ते कशावर द्यावं आणि कशावर देऊ नये, याचा विचार करायला रमजानइतका योग्य महिना नाही.

पाट्यांवरची गावं

आधी त्या नेहमीच्या तक्रारी पाहू. यातल्या बऱ्याच तक्रारींमध्ये दोष पदार्थात नसतो, मोजमापात असतो.

उडुपी हॉटेलांची मुळं कर्नाटकातल्या उडुपीच्या कृष्णमठाभोवती वाढलेल्या स्वयंपाकात आहेत. मुंबईत माटुंग्याला रामा नायक यांनी १९४२ साली सुरू केलेलं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आजही चालू आहे. त्या भागात सांबारात गुळाचा खडा घालतात. तेव्हा सांबार गोडसर लागलं तर आचारी चुकला, असं नाही. तो आपल्या गावच्या रीतीने वागला.

तंदुरी चिकन हा आज ढाब्याचा प्राण आहे. पण हॉटेलांमधून ते देशभर पसरलं ते फाळणीनंतर. पेशावरहून दिल्लीला आलेल्या कुंदनलाल गुजराल यांचं नाव त्यात आघाडीवर घेतलं जातं. दर्यागंजात १९४७ साली उघडलेल्या मोती महलशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. बटर चिकन पहिल्यांदा कोणी केलं, हा वाद २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ज्या पदार्थाचं मूळ ठरवायला कोर्टाची पायरी चढावी लागते, तो कोनच्या रस्त्यावर ‘अस्सल’ आहे की नाही, हे पाच मिनिटांत ठरवणारा जेवणारा धाडसीच म्हणायचा.

चायनीजचंही तसंच. मंचुरियनचं श्रेय सहसा कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांना दिलं जातं. त्यांनी १९७५च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन केलं, असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची हे आपलंच वाटण. सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर तेवढं बाहेरचं. हा पदार्थ चीनमध्ये शोधायला गेलेल्याच्या हाती काही लागणार नाही. तो मुंबईचाच म्हणायचा.

बटाटा कोलकात्याच्या बिर्याणीत असतो, मुंबईच्याही असतो, हैदराबादच्या नसतो. हलीम मागितल्यावर मटणाचे तुकडे दिसले तर फसवणूक झाली असं वाटतं, पण तो खिचडा असतो. दोन्हींत गहू, डाळी आणि मांस असतं. हलीम घोटून एकजीव करतात, खिचड्यात मांसाचे तुकडे राहू देतात. हैदराबादी हलीमला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ते नाव अधिक चालतं आणि आपला खिचडाही कधी कधी तेच नाव लावून बसतो. निहारीचं नाव अरबीतल्या ‘नहार’वरून आलं आहे. नहार म्हणजे दिवस. रात्रभर मंद आचेवर ठेवायची आणि दिवस उजाडताना खायची, अशी ती. संध्याकाळी सातला, घाईत मागवलेल्या निहारीला तिचा पूर्ण वेळ मिळालेला असतोच असं नाही.

या पाट्या म्हणजे एका अर्थी इथे कामाला आलेल्या माणसांची नोंदवही आहे. १८५७च्या उठावानंतर उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर भिवंडीत आले. पुढे तेलंगणातले पद्मशाली आले. मग यंत्रमाग वाढले, गोदामं आली आणि त्यांच्यामागून देशभरातले कामगार आले. या कामगारांची भिशी असते. इथे भिशी म्हणजे पैशांची नव्हे, जेवणाची. ठरलेल्या पैशांवर दोन वेळ जेवू घालणारी खानावळ. पहिल्या पाळीचा जेवून उठतो, दुसऱ्या पाळीचा बसतो. भात, डाळ, भाजी, रोटी. रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्यांसाठी तिथली वेळ बदलते. या खानावळींना कोणी तारे देत नाही. जेवणारा रोज परत येतो, तीच त्यांची पावती.

न चाखणारा आचारी

आता रमजानच्या खास तक्रारीकडे येऊ. मीठ कमी.

रोजा म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न आणि पाणी दोन्ही वर्ज्य. पाण्याचा घोटही नाही. मुस्लिम मालकीच्या हॉटेलांत भट्टीपाशी उभे असणाऱ्यांतले अनेक जण रोजेदार असतात. दुपारी तीनपासून ते कांदा तळतात, मटण भाजतात, डेगीला दम लावतात आणि चाखत नाहीत. धर्मशास्त्रात यासाठी सवलत आहे. गरज असेल तर जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकली आणि काहीही गिळलं नाही, तर रोजा मोडत नाही, असं फिकहचे जाणकार सांगतात. विनाकारण तसं करणं मात्र त्यांना पसंत नाही. कित्येक आचारी ही सवलत घेतच नाहीत. न जाणो, एखादा थेंब घशाखाली गेला तर?

मग मीठ कसं कळतं? एक तर हाताच्या अंदाजाने. किती किलो मांसाला किती मुठी मीठ, हे वर्षांनुवर्षांच्या सवयीने बोटांना माहीत असतं. दुसरं, वासाने. मसाला तेल सोडू लागला, कांदा बदामी झाला, हे नाक सांगतं. आणि तिसरा उपाय म्हणजे रोजा नसलेला सहकारी. भांडी घासणारा, भाजी चिरणारा किंवा पोळ्या लाटणारा हिंदू कामगार चमचा तोंडात घालतो, क्षणभर थांबतो आणि निकाल देतो. घरोघरी हे काम लहान मुलांकडे असतं. “जरा बघ रे, मीठ बरोबर आहे का,” असं आजी म्हणते, आणि सहा-सात वर्षांचा परीक्षक दोनदा चाखून घेतो. एकदा मिठासाठी आणि एकदा स्वतःसाठी.

सर्व्हिस संथ का होते, तेही पाहायला हवं. एरवी हॉटेलात गिऱ्हाईक थोडं थोडं येतं. इफ्तारला सगळं गाव एकाच मिनिटाला जेवायला बसतं. मगरिबची अजान झाली, की मालक, आचारी, वेटर सगळेच खजूर तोंडात टाकतात, पाणी पितात आणि शक्य असेल तिथे नमाजाला जातात. त्याच क्षणी कोणी पनीर टिक्का मागवला, तर तो यायला वेळ लागणारच. रोजा नसलेल्या माणसाने अजानच्या अर्ध्या तासानंतर जावं, त्याला निवांत जेवायला मिळेल. तरावीहची नमाज सुटल्यावर दुसरी गर्दी होते, तीही टाळता येईल. ज्याला इफ्तारची वेळच अनुभवायची आहे, त्याने पंधरा-वीस मिनिटं आधी जाऊन जागा धरावी आणि अजानपर्यंत बसून राहावं. शेजारच्या टेबलावरून एक खजूर त्याच्यापुढेही सरकेल, याची खात्री बाळगावी.

दिवसा काही हॉटेलांना पडदा लावलेला दिसतो. त्याचाही काहींना गैरसमज होतो. प्रवासी आणि आजारी यांना रोजातून सूट असल्याचं कुराणातच सांगितलं आहे. राहिलेले रोजे त्यांनी नंतर भरून काढायचे असतात. महामार्गावरचा ट्रकचालक प्रवासीच असतो. पडद्यामागे तो जेवतो, त्याच्या शेजारी बिगरमुस्लिम गिऱ्हाईक जेवतं. पडदा असतो तो रस्त्याने जाणाऱ्या रोजेदाराचा मान राखायला. आत जेवणाऱ्याने ओशाळं होण्याचं काही कारण नाही.

नाव कशाला ठेवावं

अन्नाला नावं ठेवू नयेत, हे मराठी घरात ताटावर बसलेल्या प्रत्येक मुलाला ऐकवलेलं वाक्य आहे. मुस्लिम घरांतही तेच ऐकवतात आणि त्याला हदीसचा आधार देतात. प्रेषित मुहंमद (स.) यांनी कधीही अन्नात खोट काढली नाही, आवडलं तर खाल्लं, नाही आवडलं तर तसंच ठेवलं, असं हजरत अबू हुरैरा यांनी सांगितलेलं आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही मान्यवर संग्रहांत ही हदीस येते.

मग जेवणाऱ्याने तोंड बंदच ठेवायचं का? तसं नाही. दुसरी एक हदीस बाजारातली आहे. प्रेषित धान्याच्या एका ढिगापाशी थांबले, त्यांनी ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली. वर सुकं, आत भिजलेलं. दुकानदार म्हणाला, पावसाने भिजलं. त्यावर त्यांनी विचारलं, की मग भिजलेलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस? जो फसवतो तो आपल्यातला नाही, असं त्यांनी तिथेच बजावलं.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले, की सीमारेषा आपोआप दिसते. चव ही जेवणाऱ्याची आवड आहे, तिथे जीभ आवरावी. लबाडी मात्र सगळ्या गिऱ्हाइकांचं नुकसान करते, तिथे बोललंच पाहिजे. सांबार गोड लागलं, बिर्याणीत बटाटा निघाला, मीठ कमी पडलं, यासाठी तारे कापू नयेत. कमी मिठावर उपाय टेबलावरच ठेवलेला असतो. शिळं मांस, परत परत तापवलेलं काळं तेल, उघड्यावरचं सरबत, भडक रंग, बिलात घुसडलेली वस्तू, यावर गप्प बसणं हा सौजन्याचा भाग नाही. मालक आपल्या जातीचा, धर्माचा किंवा ओळखीचा आहे म्हणून गप्प बसणं तर मुळीच नाही. पवित्र महिन्याच्या नावाने धंदा होतो तिथे ही अपेक्षा जास्तच असायला हवी.

कायदाही गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. त्याखाली मिळणारा परवान्याचा १४ आकडी क्रमांक हॉटेलात दर्शनी लावावा लागतो आणि १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणंही बंधनकारक आहे. तळणाच्या तेलाचंही माप ठरलेलं आहे. वारंवार तापवून त्यातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली, की ते तेल वापरता येत नाही. हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. टेबलावर बसून हे मोजता येत नाही, पण कढईतलं काळपट, फेसाळणारं तेल आणि घशाला बसणारा धूर कोणालाही कळतो. रंगाचंही तेच. २०२४ साली गोव्यात म्हापसा पालिकेने गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी घातली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियन व ‘बुढ्ढी के बाल’ यांत कृत्रिम रंग वापरायला मनाई केली. इफ्तारच्या गाड्यांवरचं लालभडक कबाब आणि गुलाबी सरबत पाहताना हे आठवायला हरकत नाही. तक्रार असेल तर पहिल्यांदा मालकाला सांगावी. त्याने दाद दिली नाही, तर अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. तारे त्यानंतर.

पाटीवर नसलेली चव

या सगळ्या पाट्यांमध्ये एक पाटी दिसत नाही. देशभरच्या चवी कोनच्या रस्त्यावर मिळतात, पण या खाडीकाठाची चव मिळायला यातायात करावी लागते.

कल्याण-भिवंडीच्या या पट्ट्यातले आगरी आणि कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले. दोघांचं मुख्य अन्न तांदूळ आणि मासळी. दोघांच्या घरी भाकरी तांदळाची, पीठ गरम पाण्यात उकडून, मऊसूत मळून, हातावर किंवा परातीत थापलेली. सुकट, जवळा, सुके बोंबील दोन्ही घरांच्या डब्यांत. नारळाचा रस दोन्हीकडे. सांदण हा शब्दही दोघांचा आणि उभ्या कोकणाचा. कुठे तो तांदूळ आणि नारळाच्या दुधाचा वाफवलेला पदार्थ असतो, कुठे त्यात आंब्याचा किंवा फणसाचा रस पडतो. इफ्तारच्या दस्तरखानावर समोसे आणि भजी असतात, पण रात्रीच्या जेवणाला कोकणी घरात भाकरी आणि कालवणच लागतं.

हे जेवण हॉटेलच्या पाटीवर सहसा चढत नाही. तांदळाची भाकरी थापायला वेळ लागतो, ती गरम असेपर्यंतच चांगली, आणि चांगली थापणारा हात पगारावर मिळणं अवघड. भाताची शेतं गेली, तिथे गोदामं उभी राहिली. उल्हासच्या प्रदूषणाने खाडीची मासळी कमी झाली. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यात कोनगाव हे स्थानक आहे. मेट्रो आली की गिऱ्हाईक वाढेल, पाट्याही वाढतील, आणि बहुधा त्यांवर तेच लिहिलेलं असेल जे आज आहे. जेवणारा जे मागतो ते हॉटेलवाला शिजवतो. दहा जणांनी भाकरी मागितली, तर अकराव्या दिवशी कोणीतरी ती थापायला लागेल. साध्या जेवणाऱ्याच्या मताचा असाही उपयोग आहे. तक्रारीइतकीच मागणीही नोंदवावी.

तोपर्यंत ही चव घरांतून फिरते. रमजानमध्ये इफ्तारच्या थोडं आधी, वर रुमाल टाकलेलं ताट एका दारातून दुसऱ्या दारात जातं. कधी त्यात सांदण असतं, कधी खिचडा, कधी नुसती चार भजी आणि कापलेलं फळ. शाकाहारी शेजाऱ्याचं ताट वेगळं काढलेलं असतं, त्याचं तेलही वेगळं. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत दोन्ही घरांत आहे. म्हणून ते ताट एक-दोन दिवसांनी चकल्या, शिरा किंवा निदान साखर घेऊन परत येतं. आणि खिचड्यात मीठ कमी पडलेलं असेल, तर शेजारीण ते ताट परत देताना दारातच सांगते. पुढच्या ताटात मीठ बरोबर असतं.